ठाण्यात नवीन रुजू झालात? टेबल, पंचनामा, अटक, बंदोबस्त आणि कोर्ट: सोलापुरातल्या नव्या पोलिसांसाठी

केगावच्या प्रशिक्षण केंद्रात दीक्षान्त संचलन झालं की मैदानावर आईवडील येतात, फोटो निघतात. त्या दिवशी कलमं पाठ असतात, पाऊल पक्कं पडत असतं. पुढे ठाण्यात पहिली रात्रपाळी लागते. समोर एक म्हातारी बाई गळ्यावर हात धरून रडत उभी असते, ती तेलुगूत बोलत असते आणि शिकलेलं काहीच आठवत नाही. माझं असंच झालं होतं. शिपाई म्हणून भरती झाले, तीन दशकांनंतर सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आणि पंचनाम्यांत गेली. खाली लिहिलंय ते मला पहिल्या सहा महिन्यांत कोणी सांगायला हवं होतं. सगळ्याचा गाभा एकच आहे: जे पाहिलं, जे ऐकलं, तेवढंच लिहायचं आणि त्याच वेळी लिहायचं.

रुजू होण्याच्या दिवशी

खिशात मावेल अशी शिवलेली वही घ्या. स्पायरलची नको, कारण तिचं पान फाडलं तरी कळत नाही. पहिल्या पानापासून स्वतः नंबर टाका. हजेरीला कोणती ड्युटी मिळाली, किती वाजता पोचलात, कोण भेटलं, संशयित गाडीचा नंबर काय, हे तिथल्या तिथे टिपा. घरचा हिशेब त्या वहीत नको. उद्या कोर्टात ती मागितली गेली तर बिनधास्त पुढे करता आली पाहिजे.

ठाण्याची दैनंदिनी ही वेगळी गोष्ट. बाहेर पडताना रवाना नोंद, आल्यावर परत नोंद, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. तुम्ही अमुक वेळी अमुक चौकात होता याचा तोच पुरावा असतो. खोटी तक्रार झाली तर सगळ्यात आधी तीच नोंद तुमच्या बाजूने उभी राहते.

मग हद्द पायी फिरा. फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी, प्रत्येक ठाण्याचा स्वभाव वेगळा. पूर्व भागात यंत्रमाग आणि विडी कामगारांची घरं, नवी पेठेत बाजार, एमआयडीसीकडे रात्रपाळीचे कामगार. मोटारसायकलवरून फिरून बीट, म्हणजे आपल्या गस्तीचा भाग, कळत नाही. कुठल्या बोळातून पलीकडे निघता येतं, रात्री कोणता मेडिकल उघडा असतो, कुठल्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून आहे, याची यादी वहीत करा. पुढे ती तुम्हाला पुन्हा पुन्हा कामाला येईल.

आणि भाषा. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी या चार बोली रोज कानावर पडतात. प्रत्येकीतले पाच-दहा शब्द शिकून घ्याच. कन्नडमध्ये ‘एनाय्तु?’, तेलुगूत ‘एमैंदी?’ एवढं विचारलं तरी समोरच्याचा श्वास जरा खाली बसतो. मी मूळची अक्कलकोटकडची, म्हणून कन्नड घरातच होतं. तेलुगू मात्र मी विडी कामगार बायांकडून शिकले, त्यांच्या ओट्यावर बसून.

टेबलावर: तक्रार घ्यायची कशी

गुन्हा दाखल करण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची असते. पण नव्या शिपायाला मदतनीस म्हणून टेबलावर बसवतात आणि आलेल्या माणसाशी पहिलं बोलणं त्याचंच होतं. तिथे चुकलं की पुढचं सगळं वाकडं जातं.

आधी माणसाला बसवा, पाणी द्या. मग त्याचं सगळं एकदा न लिहिता ऐका. मध्ये तोडू नका, ‘आधी काय झालं ते सांगा’ म्हणून दटावू नका. दुखावलेला माणूस शेवटापासूनच सांगायला लागतो. दुसऱ्यांदा सांगायला लावा आणि तेव्हा पेन हातात घ्या. कधी, कुठे, कोणी, काय केलं, कशाने केलं, कोणी पाहिलं. यायला उशीर झाला असेल तर का झाला तेही त्याच्याच शब्दांत येऊ द्या. कोर्टात उशिरावरूनच पहिला प्रश्न येतो.

ती रडणारी म्हातारी आठवते. विड्या कारखान्यात देऊन घरी चालली होती, मोटारसायकलवरच्या दोघांनी पोत ओढून नेली. मी घाईघाईने लिहिलं, ‘पोत चोरून नेली’. शेजारी बसलेले हवालदार दादा म्हणाले, ‘ताई, त्या आजीच्या मानेकडं बघ.’ मानेवर लाल ओरखडा होता. तो लिहिला गेला नसता तर फिर्याद नुसत्या चोरीची झाली असती. आजच्या कायद्याच्या भाषेत सांगायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४ हिसकावून नेण्याबद्दल आहे, त्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा. चोरी करताना दुखापत केली की तो कलम ३०९ चा जबरी चोरीचा विषय होतो, शिक्षा १० वर्षांपर्यंत, अगदी जन्मठेपेपर्यंतही जाते. ‘आजी, लागलं का कुठं?’ या एका प्रश्नाने कलम बदलतं. जखम असेल तर लगेच सिव्हिलसाठी वैद्यकीय यादी करून बरोबर माणूस द्या. ‘उद्या दवाखान्यात जाऊन या’ असं सांगू नका. उद्यापर्यंत ओरखडा राहत नाही.

फिर्यादीचे शब्द फिर्यादीचेच ठेवा. आपल्याकडे काही वाक्यं वर्षानुवर्षं तशीच उतरवली जातात: ‘जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने’, ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण करून’. ती बाई तसं म्हणालीच नसेल तर ते लिहू नका. शिवी दिली असेल तर जी दिली ती लिहा, संकोच नको. लिहून झालं की वाचून दाखवा. फिर्यादीला मराठी येत नसेल तर दुभाष्याकरवी तिच्या भाषेत सांगा, दुभाषी कोण होता ते नोंदवा आणि त्याची सही घ्या. मगच फिर्यादीची सही किंवा अंगठा. फिर्यादीची प्रत फुकट आणि लगेच द्यायची, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे.

त्याच कलमात बाकीचंही आहे, ते एकदा शांतपणे वाचा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी फिर्याद घ्यावीच लागते. तिला आपण झिरो एफआयआर म्हणतो, नंतर ती योग्य ठाण्याकडे पाठवतात. तुळजापूरहून येणाऱ्या बसमध्ये कोणाची पर्स गेली आणि ती बाई एसटी स्टँडवर उतरून तुमच्याकडे आली, तर ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर चालत नाही. ऑनलाइन आलेल्या माहितीवर फिर्यादीने ३ दिवसांत येऊन सही केली की तीही नोंदवायची. लैंगिक अत्याचारासारख्या गुन्ह्यात पीडित महिलेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहायची. पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जायचं.

‘आधी अर्ज देऊन जा, बघू’ ही सवय लागू देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं की दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद करणं बंधनकारक आहे. नव्या कायद्यात ३ वर्षं ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत प्राथमिक चौकशीची सोय आहे, पण तिला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि १४ दिवसांत ती संपवावी लागते. शिपायाने टेबलावर ठरवायची ती गोष्ट नाही.

अदखलपात्र असेल तर कलम १७४ प्रमाणे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करा आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायचा मार्ग नीट समजावून सांगा. त्यांच्या आदेशाशिवाय त्यात तपास करता येत नाही. नुसता नंबर हातात देऊन पाठवलं की लोकांना वाटतं पोलिसांनी कागद गुंडाळला.

लहान मूल हरवल्याचं कोणी सांगितलं तर ‘२४ तास वाट बघा’ हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. अल्पवयीन असेल तर अपहरणाचा गुन्हा न्याय संहितेच्या कलम १३७ (२) खाली लगेच दाखल होतो. पहिले काही तास महत्त्वाचे असतात. स्टेशन, स्टँड, नाके यांना ताबडतोब वर्णन कळवा.

जुनी कलमं विसरू नका. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे तिन्ही नवे कायदे लागू झाले, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते. गुन्हा दाखल कधी झाला यापेक्षा तो घडला कधी, ते बघा. म्हणून ३०२ म्हणजे आता १०३ (१), ३०७ म्हणजे १०९, ३२३ म्हणजे ११५ (२), ४२० म्हणजे ३१८ (४), ४९८अ म्हणजे ८५, अशा जोड्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. जुने अंमलदार जुन्या आकड्यांनीच बोलतात, त्यांचं कळलं पाहिजे.

घटनास्थळ आणि पंचनामा

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या पाहण्यात चांगल्या केसेस इथेच गेल्या.

पहिला पोचणारा बहुतेक वेळा तुम्हीच असता, बीट मार्शल म्हणून. जखमी असेल तर आधी त्याचा जीव. १०८ ला फोन, दवाखाना, मग बाकी सगळं. जखमी बोलण्याच्या स्थितीत असेल तर तो काय म्हणाला ते शब्दशः वहीत लिहा, वेळेसह. माणूस दगावला तर तेच शब्द मृत्युपूर्व जबाब म्हणून कामी येऊ शकतात.

नंतर जागा बंद करा. दोरी नसेल तर बाकडं, सायकल, ओढणी काहीही लावा. आत जायचा एकच रस्ता ठरवा आणि सगळ्यांना त्यावरूनच न्या. कोण किती वाजता आत गेलं ते लिहा, साहेब आले तरी लिहा. आत पंखा लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, चहा घ्यायचा नाही, घरच्यांना ‘जरा आवरून घेतो’ म्हणू द्यायचं नाही. आपल्या सोलापुरात पाहुणा पोलीस का असेना, चहा पुढे येतोच. प्रेमाने नको म्हणा, बाहेर ओट्यावर घेऊ म्हणा.

पूर्व भागात एका विणकराच्या घरी घरफोडी झाली होती. पुढे माग, मागे राहायची खोली. दिवसा बघितलं तर फरशीवर काहीच नाही. साहेबांनी दिवा बंद करायला लावला, टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. मागाच्या खाली बसलेल्या रुईच्या बारीक धुळीत बुटाचा अख्खा तळवा उमटलेला दिसला, टाचेकडच्या रेघा झिजलेल्या. घरात सगळे अनवाणी वावरणारे. आम्ही दाराने सरळ आत शिरलो असतो तर तो ठसा आमच्याच पायाखाली गेला असता. उघड्यावरचा ठसा असेल तर ठसेवाले येईपर्यंत त्यावर घमेलं पालथं घाला. सोलापूरचा वारा आणि कुत्री कोणाची वाट बघत नाहीत.

पंच दोन घ्या. त्या भागातले, प्रकरणाशी संबंध नसलेले, सही वाचून करणारे. ठाण्यासमोरच्या टपरीवरचा तोच माणूस दहा पंचनाम्यांत दिसला की बचावाचा वकील तिथेच केस फोडतो. झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे सक्तीचं झालं आहे. ते ई-साक्ष्य ॲपवर करतात आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. चित्रीकरणात वस्तू सापडण्याआधीची जागाही आली पाहिजे, सापडल्यावर कॅमेरा सुरू केला तर काय उपयोग! बॅटरी आणि मोकळी जागा ड्युटीवर निघतानाच तपासा. ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येण्याची तरतूद कलम १७६ (३) मध्ये आहे. ते येईपर्यंत तुमचं काम राखणदाराचं. मदत म्हणून काही उचलून ठेवू नका.

लिहिताना सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ टाका. चतुःसीमा लिहा: पूर्वेस काय, पश्चिमेस काय. उजेड कशाचा होता ते लिहा, विशेषतः रात्री. अंतर टेपने मोजा, ‘अंदाजे’ हा शब्द टेप नसेल तेव्हाच. आणि डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहा. रक्त दिसलं तर ‘लाल रंगाचे रक्तासारखे दिसणारे डाग’, कारण ते रक्त आहे हे प्रयोगशाळा सांगेल. दागिना सापडला तर ‘पिवळ्या धातूचा’.

हे मी ठेच लागून शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका चोरट्याकडून गंठण जप्त केलं, पंचनामा माझ्या हातचा. मी सरळ ‘सोन्याचे गंठण’ लिहिलं. पुढे सराफाने तपासलं तर ते मुलामा दिलेलं निघालं. फिर्यादीलाच ते खोटं आहे हे ठाऊक नव्हतं. कोर्टात वकिलांनी विचारलं, ‘सोन्याचं जप्त केलं, खोटं कसं निघालं? मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होतं?’ मी पिंजऱ्यात उभी, उत्तर नाही. ज्या मुद्देमाल कारकुनाने जन्मात कोणाच्या पैशाला हात लावला नव्हता, त्याच्यावर संशय आला, माझ्या एका शब्दापायी. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

वस्तू बांधण्याची पद्धतही नीट शिका. रक्ताचे ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले की कुजतात. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्रत्येक कपडा वेगळा. चाकू खोक्यात बांधून असा पक्का करा की पातं घासणार नाही. लेबलवर गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, तारीख, पंचांच्या सह्या आणि लाखेचं सील. सीलचा नमुना पंचनाम्यावरही उमटवा. मोबाईल चालू असेल तर फ्लाइट मोडवर टाका आणि तसं केल्याचं लिहा. बंद असेल तर बंदच राहू द्या. उत्सुकतेपोटी गॅलरी उघडायची नाही. मुद्देमाल त्याच दिवशी जमा करा, आपल्या कपाटात रात्रभर ठेवू नका.

दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण आधी मागा, कारण नवं चित्रीकरण जुन्यावर चढत जातं. घेताना यंत्रावरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक टिपून ठेवा. एका प्रकरणात दुकानाचं घड्याळ १७ मिनिटं पुढे होतं, त्यावर सगळं अडलं असतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते विसरलात तर चांगला पुरावा कोर्टाबाहेर राहतो.

आरोपीने तुमच्यासमोर ‘मी केलं’ म्हटलं तर त्याला कोर्टात किंमत नाही. अधिनियमाचं कलम २३ तसं स्पष्ट सांगतं. त्याने सांगितलेल्या ठिकाणी वस्तू सापडली तर मात्र तेवढा भाग ग्राह्य धरतात. म्हणून मारून कबुली काढायच्या नादी कोणी तुम्हाला लावत असेल तर नकार द्या. ती कबुली कायद्याला नको आहे, आणि कोठडीत माणूस दगावला तर तुमची नोकरी, तुमचं घर आणि त्याचं घर, तिन्ही जातात.

अटक

अटक करता येते म्हणून करायची नसते. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) ची हजर राहण्याची नोटीस पुरते. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक शब्दांत बजावलं आहे. ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा आणि आरोपी आजारी किंवा ६० वर्षांवरचा असेल तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही.

करायचीच असेल तर क्रम असा. छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. का अटक करतोय ते सांगा. हे कारण लेखी आणि त्याला कळेल अशा भाषेत द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सांगितलं. आपल्याकडे याचा अर्थ असा की कन्नड किंवा तेलुगू वाचणाऱ्याला मराठी कागद देऊन भागणार नाही. अटक पंचनाम्यावर घरच्याची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष, आरोपीची सही. नातेवाइकाला कळवा आणि कोणाला, किती वाजता, कोणत्या फोनवरून कळवलं ते दैनंदिनीत टाका. वैद्यकीय तपासणी करून घ्या, अंगावरच्या जुन्या जखमा नोंदवून घ्या. यातल्या बऱ्याच गोष्टी डी. के. बसू प्रकरणात १९९६ सालीच सांगितल्या होत्या, आता कायद्यातच आल्या आहेत.

२४ तास कधीपासून मोजायचे? माणूस तुमच्या ताब्यात आला त्या क्षणापासून. त्याला ‘चौकशीला बसवलंय’ म्हणून रात्रभर बाकड्यावर ठेवायचं आणि सकाळी अटक दाखवायची, ही फसवणूक आहे. संविधानाचं कलम २२ आणि नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८, दोन्हीचा भंग होतो.

बेडी सर्रास घालता येत नाही. कलम ४३ (३) मध्ये कोणत्या गुन्ह्यांसाठी ते दिलंय: सराईत, पळून गेलेला, खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी वगैरे. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी. जबाबासाठी महिलेला, १५ वर्षांखालच्या मुलाला, ६० वर्षांवरच्या माणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, आपण त्यांच्या घरी जायचं. पोक्सोतल्या, म्हणजे लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या, मुलासमोर गणवेश नको. कायद्याशी संघर्ष झालेल्या बालकाला लॉकअपही नाही आणि बेडीही नाही.

लॉकअपच्या गार्डला लागलात तर आत सोडण्याआधी पट्टा, नाडा, करदोडा, बुटाची लेस काढून घ्या आणि अंगझडतीत निघालेल्या प्रत्येक वस्तूची पावती द्या. दर थोड्या वेळाने स्वतः उठून आत बघा. तो भिंतीकडे तोंड करून झोपला असेल तर श्वास चाललाय का ते पाहा. औषधं चालू आहेत का, दारूचं व्यसन आहे का, विचारून ठेवा. दारू एकदम सुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते.

बंदोबस्त

सोलापूरच्या पोलिसाचा जानेवारी गड्ड्याच्या यात्रेत जातो. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेले भक्त, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी. आषाढीला ग्रामीण पोलिसांचा सगळा फौजफाटा पंढरपूरला. या दोन्ही ठिकाणी लोक श्रद्धेने आलेले असतात, भांडायला नाही. त्यांना वाट दाखवणं हे तुमचं ऐंशी टक्के काम.

पॉइंटवर पोचल्यावर आधी तीन गोष्टी बघा: लोक बाहेर कुठून पडणार, ॲम्ब्युलन्स कुठून येणार, वायरलेस लागतोय का. गर्दी पुढे सरकायची थांबली आणि मागून येतच राहिली की धोका तिथे. छातीशी हात बांधलेले, हात वर काढता न येणारे लोक दिसले की लगेच मागचा प्रवाह रोखायला कळवा. पुढच्यांना ढकलून काही होत नाही. हरवलेलं मूल सापडलं तर खांद्यावर घेऊन फिरू नका, मदत केंद्रावर नेऊन नोंद करा. आईचं नाव विचारण्यापेक्षा कुठल्या भाषेत रडतंय ते ऐका, लाऊडस्पीकरवर त्याच भाषेत पुकारा.

जमाव बिघडला तर पांगवण्याचा आदेश द्यायचा अधिकार तुमचा नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे तो कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचे प्रभारी अधिकारी, ते नसतील तर किमान उपनिरीक्षक दर्जाचे अधिकारी देतात. आधी इशारा, मग आदेश, मग लागेल तेवढंच बळ. लाठी कमरेखाली, डोक्यावर कधीही नाही, पळणाऱ्याच्या मागे लागून नाही. या शहराला हे जास्त कळतं. मे १९३० मध्ये इथे गोळीबार झाला, पोलीसही मारले गेले, मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांसमोर बंदोबस्ताला उभं राहाल तेव्हा हे माहीत असू द्या.

एप्रिल-मेमध्ये भर उन्हात पॉइंट लागला तर पाण्यात मीठ-साखर घालून बाटली जवळ ठेवा, तहान लागायची वाट बघू नका. चक्कर येतेय असं वाटलं तर वायरलेसवर सांगा. त्यात कमीपणा नाही.

अपघात आणि ऑनलाइन फसवणूक

पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या अपघातात आधी स्वतः वाचा. जॅकेट घाला, बॅरिकेड वाहतुकीच्या बाजूला बऱ्याच आधीपासून लावा, गाड्यांच्या मधे उभे राहू नका. जखमी हलवले की फोटो, ब्रेकच्या खुणा, काचा कुठे पडल्या ते मोजा आणि मगच गाड्या बाजूला. मदत करणाऱ्या वाटसरूला नाव सांगायची सक्ती करू नका, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ त्याला संरक्षण देतं.

पैसे ऑनलाइन गेल्याची तक्रार आली तर फिर्याद लिहायच्या आधी माणसाला तिथेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावून द्या. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात.

कोर्ट

समन्सची तारीख मिळाल्या दिवशीच वहीत घ्या. आदल्या दिवशी पंचनामा, आपला जबाब वाचा. मुद्देमाल कोर्टात नेऊन ठेवलाय का ते कारकुनाला विचारा, सील जागेवर आहे का बघा. पिंजऱ्यात प्रश्न वकील विचारतात, उत्तर न्यायाधीशांकडे बघून द्या. प्रश्न पूर्ण होऊ द्या. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. पंचनाम्यात नसलेली गोष्ट ‘पाहिली होती’ म्हणून घुसडू नका, तिथून सगळी साक्ष ढासळते.

मुद्देमाल मालकाला परत मिळवून देणं हाही तपासाचाच भाग आहे आणि तो सगळ्यात जास्त राहून जातो. वस्तू कोर्टापुढे आल्यावर १४ दिवसांत तिचं वर्णन आणि फोटो, मग ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश, अशी मुदत आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये आहे. फिर्यादीला अर्ज कसा करायचा ते तुम्ही सांगा. तिला ते कोणी सांगत नाही.

त्या म्हातारीची पोत चार महिन्यांनी दुसऱ्या एका चोरीच्या तपासात सापडली. तेव्हा पंचनाम्यात ‘पिवळ्या धातूची, काळ्या मण्यांची, एका वाटीला चीर असलेली’ असं लिहिलं होतं. सराफाने पंचांसमोर वजन केलं, सोनं असल्याचा दाखला दिला, कोर्टाने सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितल्यास हजर करण्याच्या हमीवर, परत द्यायचा आदेश दिला. आजी नातीला घेऊन आली. टेबलाशी बसून तिने मणी एक एक करून मोजले, तीन कमी होते. नातीने तेलुगूत सांगितलं ते मी नोंदीत लिहिलं, ‘तीन मणी कमी’, तिला वाचून दाखवलं, मग तिचा डाव्या हाताचा अंगठा घेतला आणि बाजूला वेळ टाकली, ११.४०.